मागच्या जन्माची मेमरी

ऑफिसात तिला थांबाताई म्हणत. आधी तोंडावर ताई आणि माघारी थांबाताई असं होतं. पुढे तोंडावरही तेच झालं, कारण तिला त्याचं काही वाटत नव्हतं. कुणी जिना चढून धापा टाकत यावं आणि म्हणावं, "ताई, सापडलं! पंपाचीच भानगड आहे," की ती चष्मा कपाळावर सारायची. "थांबा. बघू." मग ती बघायची. बघणं हेच तिचं काम होतं, आणि ते तिच्यासारखं करणारं माणूस त्या इमारतीत दुसरं नव्हतं.

कंपनी डायलिसिसची मशीनं बनवायची. खालच्या मजल्यावर दुरुस्तीला आलेली मशीनं रांगेत उभी असत, नळ्या काढलेली, पोट उघडलेली. वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती, आणि तिच्या टोकाला थांबाताईचं टेबल. खिडकीतून समोरच्या गोदामाची पत्र्याची भिंत दिसायची, बाकी काही नाही. टेबलाची जागा बदलून देऊ का, असं साहेबांनी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "कशाला? भिंत बरी आहे. ती माझ्याशी बोलत नाही."

गावोगावच्या केंद्रांत ही मशीनं माणसांचं रक्त बाहेर काढून, धुऊन, परत आत घालत. त्यांच्या आत एक छोटा संगणक असे. तो चालता चालता कोलमडला, तर मरताना मेमरीत जे काही असेल ते तसंच्या तसं एका फाइलीत ओतून ठेवायचा. त्या फाइलीला डम्प म्हणत. आकड्यांचा नुसता ढीग. ओळी नाहीत, शब्द नाहीत, कुठे काय ठेवलंय याचा पत्ता नाही. ह्या ढिगातून मशीन शेवटच्या क्षणी काय करत होतं ते शोधून काढायचं, हे थांबाताईचं पोट भरायचं साधन होतं. चाळिशी उलटल्यावर ती ह्या कामात आली. त्याआधी बरीच वर्षं खाजगी क्लासात भौतिकशास्त्र शिकवलं, मुलगी मोठी केली, आणि नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासल्या. काच घासणाऱ्याचा धीर तिच्या अंगात तिथूनच आला असणार. काच जास्त घासली गेली तर पुन्हा जाड करता येत नाही.

काम नेमकं काय, हे तिने एकदा सासूबाईंना सांगितलं होतं. सासूबाईंना सगळं कळून घ्यायची हौस, आणि कळलं की त्याची किंमत करायची त्याहून मोठी हौस.

"संगणकाचा एक गाभा असतो," थांबाताई भाजी निवडता निवडता म्हणाली. "कर्नेल म्हणतात त्याला. बाकी सगळं त्याच्या हुकमाने चालतं. पूर्वी तो मेमरीत ठरलेल्या जागी बसायचा. मग चोरट्यांना जागा माहीत झाली. म्हणून आता मशीन चालू झालं की दर वेळी तो वेगळ्याच जागी जाऊन बसतो. कुठे, ते तो कुणाला सांगत नाही."

"रोज बिऱ्हाड हलवायचं? सामान कोण उचलतं?"

"अख्खं घरच उचलून ठेवतात, सामानासकट. आतल्या खोल्या एकमेकींपासून होत्या तितक्याच लांब राहतात."

"मग त्यात काय? एक खोली सापडली की बाकीच्या सापडल्या."

"तेच करते मी. एक खोली शोधते."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "आणि एवढ्यासाठी पगार देतात तुला?"

थांबाताई हसली. म्हातारीने कर्नेल चुटकीसरशी समजून घेतलं होतं. पण ती एक खोली शोधायची कशी, हे तिने विचारलं नव्हतं. प्रत्येक कर्नेल आपल्या पोटात स्वतःची ओळख सांगणारी एक ओळ बाळगून असतं: मी अमुक आवृत्तीचं, अमुक दिवशी बांधलेलं. डम्पमध्ये ती ओळ शोधायची. बांधणीच्या वेळच्या नकाशात ती कुठे असायला हवी ते पाहायचं. दोन्हींतला फरक म्हणजे गाभा किती सरकला ते. त्याला ऑफसेट म्हणत. एवढ्यावर भागायचं नाही, कारण मेमरीतली खरी जागा एक असते आणि कर्नेल स्वतःचा म्हणून जो पत्ता वापरतं तो दुसरा, आणि दोन्ही वेगवेगळे सरकलेले असतात. मग थांबाताई अशी एखादी नोंद शोधायची, जिच्यात तिचा स्वतःचाच पत्ता लिहिलेला असतो. कर्नेलात अशा नोंदी बऱ्याच असतात; पुढे कुणी नसलं की त्या स्वतःकडेच बोट दाखवून बसतात. त्या एका बोटावरून दुसरा ऑफसेट निघायचा. दोन्ही हाती आले की ढिगाऱ्यात भिंती उभ्या राहायच्या, दारं दिसायची. त्या क्षणी तिचा चेहरा असा व्हायचा की शेजारच्या टेबलावरची माणसंही बोलायची थांबत.

खरं तर बहुतेक वेळा ही दोन्ही अंतरं डम्पच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलेली असतात. पण ज्या डम्पची ही गोष्ट, त्याची सुरुवातच वाचता येत नव्हती. फाइल ज्या कार्डावर उतरली होती तेच खराब झालं होतं.

तो एका छोट्या केंद्रातून आला. फर्निचरच्या दुकानावरचा मजला, सहा खाटा, पडदे हिरवे. तिथे भर दुपारी एक मशीन रक्त बाहेर असताना बंद पडलं. खाटेवर एक निवृत्त बसड्रायव्हर होता. ड्यूटीवरच्या सिस्टरने हाताने पंप फिरवून त्याचं रक्त परत आत घातलं. तरी काही रक्त नळीत गोठलं, म्हातारा बेशुद्ध पडला आणि चार दिवस मोठ्या दवाखान्यात राहिला. वाचला. पण मुलाने तक्रार केली, आणि केंद्राच्या मॅनेजरबाईंनी विचारलं: मशीन आपोआप बंद पडलं, की सिस्टरच्या हातून बंद झालं?

थांबाताईने काम घाईने केलं नाही. घाईने केलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे तिला फार वाटलं. घाईवर खापर फोडता आलं असतं. तिने ओळख सांगणारी ओळ शोधली. सापडली. ऑफसेट काढला. स्वतःकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीवरून दुसरा ऑफसेट काढला, आणखी दोन नोंदींवर ताडून पाहिला. काडीचाही फरक नव्हता. भिंती उभ्या राहिल्या. मग तिने कर्नेलची रोजनिशी वाचली, मशीन स्वतः लिहीत जातं ती; तीत घड्याळाची वेळ नसते, मशीन उठल्यापासून किती सेकंद झाले तेवढंच असतं. शेवटाकडे स्वच्छ लिहिलेलं होतं की बंद करायचं बटण दाबलं गेलं. पुढे एकेक भाग आवरता घेतल्याच्या ओळी, आणि मग मजकूर फाटलेला. कार्डच खराब, तेव्हा फाटणारच. पंप चालू असताना मशीन आवरतं घ्यायला गेलं, अडकलं आणि कोलमडलं, असा त्याचा अर्थ तिने लावला. लावण्यासारखा होताच.

तिने अहवाल लिहिला. साहेबांचा जीव भांड्यात पडला, मशीन निर्दोष. सिस्टरला घरी बसवलं. केंद्राची समिती बसून कागदावर सही करायची तेवढं बाकी होतं. तशा शेऱ्यानिशी नोकरी गेलेल्या सिस्टरला दुसरं केंद्र दारात उभं करत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

समितीच्या दिवशी सकाळी ती सिस्टर कंपनीच्या दारात येऊन उभी राहिली. तिशीची, ठेंगणी, खांद्याला मोठी पिशवी. अहवाल लिहिणाऱ्या माणसाला भेटल्याशिवाय हलणार नाही, म्हणाली. थांबाताई खाली आली. पोट उघडलेल्या मशीनांमध्येच दोघी उभ्या राहिल्या.

"मी बटण दाबलं असं तुम्ही लिहिलंय?"

"मशीनने लिहिलंय. मी वाचलं."

"बरं वाचलंत! मॅडम, मी शेजारच्या खाटेवर एका बाईंच्या हाताला पट्टी बांधत होते. एका हाताने दाबून धरलेलं, दुसऱ्या हाताने गुंडाळत होते. मग बटण काय नाकाने दाबलं?"

"मी तुमच्यावर आरोप—"

"आरोप नाही तर काय आरती केलीत?" सिस्टरचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "माझ्या घरात मी एकटी कमावते. ते जाऊ दे. पण त्या काकांचं रक्त मी ह्या हाताने फिरवलंय. पंपाची दांडी फिरवताना मनात मोजत होते, जोरात नको, हळू नको. आणि तुम्ही म्हणता, हिनेच बंद केलं. दिवसातून एकदा बटण दाबतो आम्ही, ते सकाळी. पेशंट यायच्या आधी."

थांबाताईने चष्मा कपाळावर सारला. "सकाळी? कशाला?"

सिस्टर जरा चपापली. मग म्हणाली, "आता नोकरी चाललीच आहे, सांगते. रात्रीचं धुणं झालेलं असतं ना मशीनचं, त्यानंतर त्याचा बोटाने चालवायचा पडदा अडतो. बोट लावलं तरी ढिम्म. मग आम्ही बटण दाबून बंद-चालू करतो. पुस्तकात लिहिलंय, असं करू नका. सगळ्या करतात."

"बंद करून किती वेळ ठेवता?"

"ठेवतो कुठे? दाबलं की आवरतं घेतं आणि आपलं आपण परत उठतं. कपात चहा ओतेपर्यंत पडदा हजर."

थांबाताईने मनात हिशेब मांडला. वीज तुटली नव्हती. मशीन आवरतं घेऊन लगेच उठलं, तर मेमरी पुसली जात नाही. सकाळचं कर्नेल मेलं. दुसरं उठलं आणि नियमाप्रमाणे दुसऱ्याच जागी जाऊन बसलं. मग पहिल्याचं प्रेत कुणी हलवलं? कुणीच नाही. ज्या जागेची पुढे गरज पडली तेवढी कुरतडली गेली असेल, बाकीचं दिवसभर तसंच पडून राहिलं असेल: भिंती, दारं, रोजनिशी, सगळं. जागा ठरलेली असती तर दुसरं कर्नेल पहिल्याच्या छातीवरच बसलं असतं आणि काही मागे उरलं नसतं. चोराला चकवायला केलेल्या युक्तीने तिलाच चकवलं होतं.

"सिस्टर, बसा इथे. जाऊ नका," ती म्हणाली, आणि जिना चढली. तिला जिन्यावर पळताना त्या इमारतीत कुणी पाहिलं नव्हतं.

ओळख सांगणारी ओळ सापडली की शोध थांबवायचा, ही तिची इतक्या वर्षांची रीत होती. घराचा दरवाजा सापडल्यावर गल्लीत पुढे कोण हिंडतं? आज ती पुढे हिंडली. ढिगारा संपेपर्यंत शोध चालू ठेवला. बऱ्याच पुढे तीच ओळ पुन्हा होती. तीच आवृत्ती, बांधणीचा तोच दिवस, अक्षर न अक्षर तेच. दोन गाभे. जुळी भावंडं, एक जिवंत आणि एक मेलेलं, आणि दोघांच्या चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नाही.

ती मागे टेकून बसली. पत्र्याच्या भिंतीवर ऊन आलं होतं. आपण काय वाचलं होतं ते तिला दिसत होतं. खोटं काही वाचलं नव्हतं. मेलेल्याची साक्ष होती, आणि मेलेला खरं बोलत होता. फक्त त्याला विचारलं जात होतं ते त्याच्या मरणानंतरचं. आपण ताडून पाहिलेल्या खुणा जुळल्या, कारण त्या त्याच्याच होत्या. माणूसही असाच कधी मागच्या आयुष्याच्या नकाशावर आजचं घर शोधतो, सगळे कोपरे जुळतात, आणि दार उघडायला कुणी येत नाही.

पण नुसतं उदास होऊन भागणार नव्हतं. जिवंत कोणतं, हे सिद्ध करायला हवं होतं. नाहीतर उद्या कुणी म्हणेल की ही बाई सिस्टरला वाचवायला सोयीचं कर्नेल निवडते. साहेबांनी विचारलं असतं तर तिलाही उत्तर देता आलं नसतं.

कर्नेल आपल्या हाताखाली चाललेल्या कामांची साखळी ठेवतं. एक काम पुढच्याचा पत्ता सांगतं, ते त्याच्या पुढच्याचा, आणि शेवटचं पहिल्याकडे परत आणून सोडतं. थांबाताईने पहिल्या कर्नेलची साखळी धरली. थोडी कामं नीट लागली. मग एका कामाने पुढचा पत्ता दिला, तिथे ती गेली, आणि कामाचं नाव असायला हवं तिथे पडद्यावर दिसणाऱ्या पाण्याच्या निळ्या थेंबाचं चित्र होतं. ती जागा पुढे कुणीतरी चित्र ठेवायला वापरली होती. साखळी तिथे तुटली. मेलेल्याचा हात थेंबात बुडाला होता.

दुसऱ्या कर्नेलची साखळी तिने तितक्याच संशयाने धरली. काम, काम, काम. पंपाचं, पडद्याचं, दाबाचं, तापमानाचं. कुठेही न अडखळता साखळी फिरून पहिल्यापाशी आली. तिने उलट्या बाजूनेही फिरून पाहिलं. पुन्हा आली.

मग दुसरी रोजनिशी. त्यात सकाळी उठल्याची नोंद होती, दिवसभराच्या रुग्णांची होती. शेवटाकडे दाब मोजणारा भाग उत्तर देईना. पंप त्याची वाट पाहत अडकला. आणि अडकल्या अडकल्या सगळं कोलमडलं. बटणाचं नाव कुठेही नव्हतं.

साहेब काचेच्या खोलीत बसले होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कारण ते वाईट माणूस नव्हते. मग पेन टेबलावर आडवं ठेवलं.

"सुधारित अहवाल पुढच्या आठवड्यात पाठवू. वकिलांना दाखवून."

"समिती आज दुपारी आहे."

"ताई, एकदा बटण म्हणायचं, मग पंप म्हणायचं. तोंडावर पडू आपण."

"पडले तर मी पडेन. अहवालाखाली सही माझी आहे."

"सगळ्या जगाला थांबा थांबा म्हणता, आणि आज तुम्हालाच धीर नाही?"

"साहेब, माझ्या धिराची किंमत ती खाली स्टुलावर बसलेली बाई मोजतेय. दुपारनंतर कागद हलला की तो परत फिरत नाही. पुढच्या आठवड्यात मी खरं सांगेन आणि ती घरी बसूनच ऐकेल."

साहेबांनी पेन उचलून खिशाला लावलं. "गाडी सांगतो," ते शेवटी म्हणाले. "बसने जाऊ नका. उशीर होईल."

केंद्रातली खोली लहान होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून दोन सिस्टर खिडकीला टेकून उभ्या होत्या. मॅनेजरबाई, डॉक्टर, आणि म्हाताऱ्या ड्रायव्हरचा मुलगा, हात घडी घालून. थांबाताई उभी राहिली. "माझा अहवाल चुकीचा आहे," ती म्हणाली. "बटण सकाळी दाबलं गेलं होतं. दुपारी मशीन आमच्या चुकीने बंद पडलं."

मुलाने हाताची घडी सोडली. "म्हणजे आधी खोटं लिहिलंत?"

"खोटं नाही. खरंच होतं ते, पण मागच्या खेपेचं. ते त्या दुपारचं समजून मी वाचलं." मग तिने त्याला साखळीचं समजावलं. एक फिरून परत येते, एक मध्येच तुटते. त्याने दोनदा विचारलं, तिने दोनदा सांगितलं. कुठेही घाई केली नाही, कुठेही स्वतःची बाजू सावरली नाही. मुलगा शेवटी म्हणाला, "कळलं. म्हणजे आमच्या बाबांच्या वेळचं कर्नेल ते दुसरं." "हो," ती म्हणाली. "तुमच्या बाबांच्या वेळचं ते दुसरं."

पण मॅनेजरबाईंच्या कानात वेगळीच गोष्ट अडकली होती. "सकाळी बटण दाबलं? ते तर मना आहे. कुणी दाबलं?"

थांबाताईला हे येणार हे ठाऊक होतं. येताना गाडीत तिने सिस्टरला सांगितलं होतं की सकाळचं बटण सांगितल्याशिवाय दुपारचं सिद्ध होत नाही. सिस्टर खिडकीबाहेर बघत म्हणाली होती, "सांगा. लपवून वाचायचं तर मग तुम्ही आलात कशाला?"

"मी दाबलं," सिस्टर आता म्हणाली. "रोज दाबते."

"मी पण," खिडकीला टेकलेली एक म्हणाली.

"सगळ्याच दाबतो," दुसरी म्हणाली. "तुम्ही एकदा त्या पडद्यावर बोट लावून बघा बाई, सकाळी सकाळी. देव आठवतो."

डॉक्टर हसले, आणि हसू आल्याचं त्यांना लगेच वाईट वाटलं.

"पडदा अडतो अशी तक्रार केंद्रांकडून आमच्याकडे येऊन पडलेली आहे," थांबाताई म्हणाली. "मी ती पाहिलेली आहे. 'वापरणाऱ्याची सवय' असा शेरा मारून ठेवली होती आम्ही. पडदा धड चालला असता तर ह्यांनी बटणाला हात लावला नसता. हेही लिहून देते."

मॅनेजरबाई डॉक्टरांशी हळू आवाजात काही बोलल्या. समोरचा कागद त्यांनी उलटा करून बाजूला सारला. मग सिस्टरकडे न बघता म्हणाल्या, "तीनच्या पाळीला माणूस कमी आहे. येशील?"

"कपडे पिशवीत आहेत," सिस्टर म्हणाली.

बाहेर, हिरव्या पडद्यांच्या खोलीच्या दाराशी, ती केस बांधत उभी राहिली. थांबाताई शेजारी.

"मॅडम, माफ वगैरे केलं नाहीये हं मी," सिस्टर म्हणाली. "आठ दिवस झोप नाही मला. आईला काही सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघायचे आणि बागेत बसून खायचे."

"नका करू माफ."

"आधीच शेवटपर्यंत का नाही पाहिलंत?"

"सापडलं असं वाटलं म्हणून."

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं. उत्तर पटलं की नाही ते चेहऱ्यावर दिसलं नाही. आतून कुणीतरी हाक मारली. म्हातारा ड्रायव्हर त्या दिवशीच्याच खाटेवर आडवा झाला होता, बाही वर सारून, नवीन मशीनकडे संशयाने बघत.

"काका, घाबरू नका," ती आत जाता जाता म्हणाली. "हे बंद पडलं तरी मी आहे."

"तू कुठे होतीस इतके दिवस?" म्हातारा म्हणाला. "ती दुसरी पोरगी सुई खुपसते नुसती."

सिस्टरने हात धुतले, त्याच्या हातावर दोन बोटांनी शीर चाचपली, आणि खाली वाकली.